साहेब आले की बंद पडणारी गाडी

अजिबात चालू न होणारं इंजिन मला परवडतं. ते प्रामाणिक असतं. खोलायचं, मेलेला भाग काढायचा, नवा घालायचा, हात धुवायचे. डोकं खातं ते चालता चालता बंद पडणारं इंजिन. मिस्त्रीपुढे ते तासभर शहाण्यासारखं चालतं आणि गिऱ्हाईक घरी पोचलं की आचके देतं. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक दारात हजर. "शब्बीरभाई, तुमी काय केलंच न्हाई राव." केलेलं असतं, पण ते दाखवणार कसं?

वारूळवाडीच्या रस्त्याला बत्तीस वर्षं माझी पत्र्याची शेड होती. वडील जुन्नरला भांड्यांची कल्हई आणि डागकाम करायचे, मी इंजिनात शिरलो. औषध फवारायचे पंप, पॉवर टिलर, पाणी उपसायची इंजिनं, खांद्याला अडकवून गवत कापायची यंत्रं, सगळं पाहिलं. मोटारसायकलीला कधी हात लावला नाही. त्या धंद्यात गिऱ्हाईक डोक्यावर उभं राहून घड्याळ बघतं. शेतकरी निदान इंजिन टाकून बाजाराला जातो आणि आपल्याला शांतपणे चुका करू देतो.

गेल्या वर्षी शेड बंद केली. गुडघे गेले म्हणून बंद केली असं मी सगळ्यांना सांगतो. गुडघे गेलेत हे खरंच आहे, पण वाकता न येणारे मिस्त्री स्टुलावर बसून काम करतात, मीही केलं असतं. खरं कारण दुसरं आहे. ते कुठेतरी लिहून टाकावं असं बरेच दिवस मनात होतं, आणि दिवाळी अंकासाठी 'तुमच्या धंद्यातले अनुभव लिहा' म्हणून निरोप आला. मजेदार अनुभव लिहा असंही सांगितलं होतं. एक मजेदार आहे, तो आधी देतो.

इंजिनाला तीन गोष्टी लागतात: पेट्रोल, हवा आणि करंट. तिन्ही वेळच्या वेळी मिळाल्या तर ते कोणाचं ऐकत नाही, चालतच राहतं. एखादी तुटली की बंद. आमचं सगळं शहाणपण म्हणजे तिन्हींतली कोणती तुटली ते ओळखणं. आणि चौथी गोष्ट, आत घेतलेली हवा धूर होऊन बाहेर पडली पाहिजे. एकदा तळेघरच्या बाजूचा एक माणूस भात मळायच्या यंत्राचं इंजिन घेऊन आला. खांद्यावरून एसटीपर्यंत आणि पुढे एसटीच्या टपावरून. दोन मिनिटं चालायचं आणि घुसमटून मरायचं. मी कार्बोरेटर खोलला, प्लग बदलला, कॉइल तपासली. काही नाही. शेवटी सायलेन्सरमध्ये तार घातली तर आतून माती पडली. कुंभारीण माशीने आत घर बांधलं होतं. तार फिरवली, इंजिन ढगासारखं गरजायला लागलं. मला वाटलं माणूस खूश होईल. त्याचा चेहरा पडला.

"माशीनं बंद पाडलं म्हनून सांगू का गावात? एवढं वझं वाहून आनलं त्ये माशीसाठी?"

मग तोच म्हणाला, एखादा जुना खराब पार्ट असला तर कागदात बांधून द्या. मी भंगारातला एक जळका प्लग बांधून दिला. तो घेऊन माणूस समाधानाने गेला. तेव्हा मी पोट धरून हसलो होतो. दोष कुठलाही असो, लोकांना तो कागदात बांधून कोणाला तरी दाखवायचा असतो. हे तेव्हाच नीट समजून घ्यायला हवं होतं.

पिंपरी पेंढारच्या पुढे, डोंगराच्या अंगाला, पुण्याच्या एका साहेबांनी लग्नाचं लॉन काढलं. साहेबांचं नाव लिहीत नाही. सभ्यपणा म्हणून नव्हे, अजून भीती वाटते म्हणून. तीन एकर नुसतं गवत. ते कापायला त्यांनी बसून चालवायची गाडी आणली. छोट्या ट्रॅक्टरसारखी दिसते, पोटाखाली पातं गरगरतं, माणूस वर बसून गवतावरून फिरत राहतो. आमच्या भागात ती पहिलीच असावी. पोरं कुंपणाला लटकून बघायची.

ती चालवायला त्यांनी गेनभाऊंना ठेवलं होतं. गेनभाऊ धनगर, साठीच्या पुढचे, अंगाने किडकिडीत. जन्म मेंढरांमागे गेला. बिबट्याने आधी कोकरं नेली, मग मोठी नेली. मुलगा चाकणला कंपनीत लागला, तो काही मेंढरांच्या फिरत्या वाड्याबरोबर रानोमाळ हिंडणार नव्हता. मग उरलेली मेंढरं विकून हे लॉनवर कामाला राहिले. ज्या माळावर त्यांनी मेंढरं चारली, बरोब्बर त्याच माळावर ते आता गवत कापत होते. मला म्हणाले होते, "माझी मेंढरं ह्ये फुकट करत व्हती, शब्बीरभाई. वर खत देत व्हती. आन् कंदी बंद पडली न्हाईत."

गाडी मात्र बंद पडत होती. पहिल्यांदा गेलो तेव्हा टाकीत महिनोन् महिने पडलेलं पेट्रोल आणि खाली पाण्याचे थेंब. टाकी धुतली, कार्बोरेटर साफ केला, स्वतः सीटवर बसून अर्धं लॉन कापलं. लोण्यात सुरी फिरावी तशी चालली. चार दिवसांनी फोन, पुन्हा बंद पडते. दुसऱ्या खेपेला मी टाकीच्या झाकणावर संशय घेतला. झाकणाला बारीक भोक असतं. ते बुजलं की टाकीत हवा शिरत नाही, पेट्रोल खाली उतरत नाही आणि वीस मिनिटांनी इंजिन थंड पडतं. भोक मोकळं केलं, वर कॉइलही नवी घातली, कारण तापली की काही कॉइली दगा देतात. परत बसून चालवली. उत्तम. आठ दिवसांनी पुन्हा फोन. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असं माझं चाललं होतं.

या वेळी साहेबांचा आवाज चढलेला होता. "मिस्त्री, तुम्ही असता तेव्हा चालते. गेनभाऊ एकटा असतो तेव्हाही चालते. मी समोर आलो की बंद पडते. म्हणजे दोष यंत्रात नाही, माणसात आहे. त्याला काम नकोय. पुन्हा एकदा झालं की मी त्याला काढणार आणि पुण्याहून शिकलेला माणूस आणणार."

मी पोचलो तेव्हा गेनभाऊ गाडीजवळ उभे होते. साहेबांची ती धमकी त्यांच्या कानावर आधीच गेली होती.

"शब्बीरभाई, काय बी करा पन हिला चालती करा. ह्या वयात मला कोन ठिवतंय कामाला? मेंढरं तर इकून बसलो."

"बंद पडते तेव्हा तुम्ही नेमकं काय करत असता?"

"काय करनार? बसल्याला असतो. हात चाकावर. साहेब येत्यात आन् ही बया मरती."

माणूस खोटं बोलत नव्हता. त्याला जे माहीत होतं ते त्याने सांगितलं. मी म्हटलं, तुम्ही चालवा, मी बघतो. आणि कडेच्या आंब्याखाली बसलो.

वीस मिनिटं गाडी इकडून तिकडे फिरत होती, एक ठसका नाही. मग साहेब बंगल्यातून बाहेर आले, अर्धी चड्डी, हातात कुत्र्याची साखळी. गाडी त्यांच्यासमोर आली. गेनभाऊंनी बाजूचा दांडा मागे ओढला, गाडी उभी राहिली, आणि ते सीटवरून उठले. पूर्ण उभे नाही, अर्धवट, कमरेत वाकून. दोन्ही हात जोडले आणि म्हणाले, "रामराम, साहेब." इंजिन फट्दिशी बंद.

साहेब माझ्याकडे वळले. "बघितलंत?"

मी बघितलं होतं. मालक पायी चाललेला आणि गडी गाडीवर बसलेला, हे आमच्याकडच्या त्या पिढीला जमतच नाही. पूर्वी बैलगाडीवरून खाली उतरायचे, हे निदान उठत तरी होते. आणि या उठण्याला गेनभाऊ 'काही केलं' असं मोजतच नव्हते. आपण शिंकलो तर दिवसाच्या कामात ती शिंक धरतो का?

असल्या गाड्यांच्या सीटखाली एक बटण असतं. माणूस बसला की त्याच्या वजनाने ते दाबलेलं राहतं. पातं फिरत असताना माणूस उठला किंवा घसरून पडला, तर बटण सुटतं, करंट तुटतो, इंजिन मरतं आणि तीन-चार सेकंदांत पातं थांबतं. आमच्या पंपांना, टिलरना असलं काही नसतं, म्हणून दोन खेपा माझ्या डोक्यात आलं नाही. मी कार्बोरेटरला फाशी देत होतो आणि बिचारं इंजिन आपलं काम चोख करत होतं.

मला इतका आनंद झाला की मी मोठ्याने हसलो. साहेब म्हणाले, वर व्हरांड्यात या. गेनभाऊंना त्यांनी ताक आणायला आत पाठवलं. मी खुर्चीवर बसून, हातवारे करून, साहेबांना सगळं समजावलं. बटण, करंट, पातं. साहेबही हसले. "म्हणजे माझ्या मानासाठी बंद पडते म्हणा की!" म्हणाले. त्या हसण्यात राग नव्हता, त्यांना ते आवडलं होतं.

मी म्हटलं, "साहेब, त्यांना एवढंच सांगा, पातं चालू असताना उठू नका."

"मी कुठे म्हणतो उठ म्हणून? पण इतक्या वर्षांची सवय सांगून जाणार आहे का? आणि लग्नाची पार्टी जागा बघायला येते, त्यांच्यादेखत गाडी बंद पडणं बरं दिसत नाही. तुम्ही ते डायरेक्ट करून टाका."

डायरेक्ट करणं म्हणजे मधला स्विच वगळून वायर वायरीला जोडणं. आमच्या धंद्यातला सर्वांत सोपा आणि सर्वांत हलकट इलाज. मी म्हणालो, "ते सेफ्टीचं असतं साहेब." ते म्हणाले, "अहो, तो काय लहान आहे का?" आणि मग म्हणाले, "मधल्या आठ दिवसांत पुण्याचा इंजिनिअर येऊन गेला, त्याला सापडलं नाही. तुम्हाला सापडलं. मानलं." या एका 'मानलं'वर मी पाघळलो. सीट उचलली, खालचा जोड सुटा केला, त्यात बोटभर तांब्याची तार घातली, वर काळी टेप गुंडाळली. पाच मिनिटं लागली. गेनभाऊ ताक घेऊन आले, मी ते प्यायलो आणि त्यांना म्हणालो, "आता नाही बंद पडणार. निर्धास्त चालवा."

निर्धास्त चालवा. हेच शब्द. त्यांनी माझे हात धरले.

परत येताना नारायणगावच्या स्टँडवर चहाला थांबलो आणि तिथे जमलेल्या सगळ्यांना ही गोष्ट रंगवून सांगितली. अर्धवट उठून हात जोडून दाखवलं. लोक हसून हसून बेजार झाले. पुढे दोन-तीन महिने लोक मला ती गोष्ट पुन्हा सांगायला लावत होते, आणि मी सांगत होतो.

गाडी त्यानंतर एकदाही बंद पडली नाही. गेनभाऊंची नोकरी टिकली. आणि लग्नसराईत एका सकाळी, गवतावर दव असताना, साहेब पाहुण्यांना घेऊन जागा दाखवत आले. गेनभाऊ उतारावर होते. ते उठले, हात जोडले. इंजिन चालूच राहिलं. साहेबांनी हाक मारली, "गेनभाऊ, जरा इकडे या." ते तसेच लगबगीने खाली उतरले. ओल्या गवतावरून पाय सटकला आणि उजवा पाय गाडीच्या पोटाखाली गेला.

मला फोन आला तो साहेबांचा. ते दवाखान्यातून बोलत होते. आधी त्यांनी गेनभाऊंचं सांगितलं, अर्धं पाऊल गेलं, जिवाला धोका नाही. मग आवाज खाली आणून म्हणाले, "मिस्त्री, ते तुम्ही जोडलेलं आजच्या आज होतं तसं करून टाका. तुमच्याच भल्याचं सांगतोय."

मी गेलो.  सीट उचलली, टेप सोडवली, तार काढली, जोड जसा कंपनीतून आला होता तसा बसवला. पात्याच्या बाजूला मी बघितलं नाही. दोन दिवसांनी विम्याचा माणूस आला, त्याने सीटवर बसून उठून पाहिलं. इंजिन बंद पडलं. स्विच चालू आहे, चालकाच्या चुकीने अपघात, असं त्याने लिहिलं आणि दवाखान्यात गेनभाऊंनी त्याखाली सही केली. सही करताना म्हणाले म्हणे, "व्हय, माझीच चूक. चालत्या गाडीवरनं उतरलो." दवाखान्याचा खर्च साहेबांनी केला, आणि त्यांच्या माणुसकीचं सगळीकडे कौतुक झालं. गावात गेनभाऊंच्या अकलेची चर्चा झाली. मेंढरामागचा माणूस, त्याला कसली यंत्रं कळताहेत, असं माझ्यासमोर लोक बोलले.  स्टँडवर माझी गोष्ट ऐकून हसलेले लोकही त्यांत होते, त्यांनाही दुवा जुळला नाही, आणि मी तो जुळवून दिला नाही.

कामात मन राहिलं नाही. पंप खोलून बसायचो आणि काय शोधायला खोललाय तेच विसरायचो. बायको म्हणायची, डोळे दाखवून या.

सहा महिन्यांनी गेनभाऊंचा फोन आला. मी घाबरून उचलला. त्यांना बिचाऱ्यांना वेगळंच पाहिजे होतं.

"शब्बीरभाई, साहेब तुमचं ऐकत्यात. त्यांना माझ्याबद्दल सांगा की. पाय भरलाय आता. बसून चालवायची गाडी, पायाचं काय काम हाय तिला? एक डाव चूक झाली, पुन्यांदा न्हाई व्हनार, तेवढं बोला."

त्या रात्री झोप लागली नाही, सकाळी पहिल्या एसटीने गेलो. पिंपरी पेंढारच्या वरच्या अंगाला त्यांचं घर, पुढे पडवी. ते पडवीत घोंगडीवर बसले होते, पायाला जाड फडकं गुंडाळलेलं. त्यांच्या कारभारणीने पाणी दिलं आणि ती आत चहाला गेली. साहेबांशी बोललो असेन या आशेने ते माझ्या तोंडाकडे बघत होते.

मी सगळं सांगितलं. काही गाळलं नाही. बटण, तार, टेप, आणि अपघातानंतर ती तार मीच काढून आणली तेही.

 गेनभाऊ एखादा हिशोब पडताळून बघावा तसं एकेक विचारू लागले.

"म्हंजे मी उठलो की ती आपसूक बंद पडायची."

"हो."

"आन् तुमी तार घातली म्हनून नाय पडली."

"हो."

"माझी चूक नव्हती मंग."

"नव्हती, गेनभाऊ."

आत भांड्यांचा आवाज थांबला होता. कारभारीण दाराशी येऊन उभी होती. तिने सगळं ऐकलं असावं. मला वाटलं, ही आता शिव्या देईल, आणि दिल्या तर बरं होईल. तिने पदर तोंडाला लावला.

"साहेबांना ठावं व्हतं?"

"मीच सांगितलं. त्याच दिवशी, व्हरांड्यात."

"आन् मला का न्हाई?"

माझ्याकडे उत्तरं होती. साहेबांची भीती, घाई, तुम्हाला वाईट वाटेल असं वाटलं. एसटीत बसून सगळी तयार केली होती, आणि त्यांतलं एकही खरं नव्हतं. खरं उत्तर मला तिथे बसल्यावर कळलं. गाडी ज्याची असते त्याला सांगायचं, जो तिच्यावर बसतो त्याला सांगण्यासारखं काही असतं हे बत्तीस वर्षांत माझ्या मनातच आलं नव्हतं. हे त्यांच्या तोंडावर म्हणायची माझी छाती झाली नाही. 

गेनभाऊंनी पायावरचं फडकं सारखं केलं. रागावले नव्हते. समजूत घालावी तशा आवाजात म्हणाले, "मला सांगायचं व्हतं राव. मी बसून राह्यलो असतो की. बसायला काय लागतंय?"